बेकाराचं ताट

बसून खायला मिळालं की माणूस कामाला जात नाही, हे वाक्य मी आजवर बऱ्याच शहाण्या माणसांकडून ऐकलं आहे. एकदा मी स्वतःही त्यावर मान डोलावली होती. त्याचा परिणाम काय झाला ते लिहून ठेवतो. ज्याला वाद घालायचा असेल त्याने नंतर घालावा.

साठच्या दशकाची सुरुवात. आखातात, कतारच्या दोह्यात बाजारामागच्या एका खोलीत आम्ही नऊ जण राहायचो, सगळे रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले. मी एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होतो. दिवसभर खिळे, कड्या, बिजागऱ्यांच्या याद्या करायच्या आणि खोलीवर येऊन पाळ्यांची यादी करायची. पाणी कोण आणणार, भात कोण टाकणार, झाडू कोण मारणार, हे सगळं दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असे. त्यामुळे सगळे मला मुनशी म्हणत.

खोलीत आमच्या आधीपासून एक रीत चालत आली होती. कुणाचं काम सुटलं तर त्याची खाट आणि ताट तसंच राहायचं, पण यादीतून त्याचं नाव निघायचं. बेकाराला खोलीतलं कुठलंही काम सांगायचं नाही. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मला ती नुसती उधळपट्टी वाटायची.

मग मामूंचं काम सुटलं. मामू दाभोळकडचे सुतार, आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे. होड्या बांधून तयार झालेला हात. त्यांच्या तिथे राहण्याच्या परवान्याची तीन महिन्यांची मुदत उरली होती. तेवढ्यात काम मिळालं नाही तर मुंबईची बोट, आणि त्या वयात पुन्हा कोण बोलावणार?

पहिल्याच आठवड्यात त्यांना बंदरावर सिमेंटची पोती उतरवण्याचं काम मिळत होतं. त्यांनी नको म्हटलं. महाडचा आमचा टायपिस्ट चिडला.

"फुकटचा भात आहे ना, म्हणून हे नखरे! मुनशी, आमची आठवड्यातून दोनदा पाळी आणि मामूंची शून्य. हा कुठला न्याय?"

"लिही रे माझं नाव," मामू म्हणाले. "हात रिकामेच आहेत."

मी लिहिलं. मला ते अगदी रास्त वाटलं. खातो आहे तर काहीतरी करू दे.

आधी मामूंकडे भात गेला. मग त्यांच्या हातचं सुरमईचं कालवण खाल्ल्यावर सगळाच स्वयंपाक गेला. पुढे पाणी, झाडू, सकाळचे डबे. यादी इतकी सुटसुटीत मी कधी केली नव्हती. सगळे खूश होते, मामूसुद्धा.

दीडेक महिन्याने मी गोदामाची किल्ली विसरलो म्हणून दुपारी खोलीवर आलो. मामू आम्हा सगळ्यांचे शर्ट धूत बसले होते.

"मामू, आज कंत्राटदाराकडे गेला नाहीत?"

"तिथे सकाळी सातला उभं राहावं लागतं. सातला तुमचे डबे असतात."

त्यांच्या हत्यारांच्या पेटीकडे माझं लक्ष गेलं. तिच्यावर मसाल्याचे डबे नीट ओळीने मांडलेले होते. पेटी कधीपासून उघडली नव्हती, हे विचारायची गरजच नव्हती.

किल्ली खिशात टाकून मी तिथेच दाराजवळ उभा राहिलो. रीत का होती ते तेव्हा डोक्यात शिरलं. फुकटच्या ताटाने त्यांना अडवलं नव्हतं. आम्ही त्या ताटाची वसुली सुरू केली, तिने अडवलं होतं. आम्हाला बिनपगारी नोकर मिळाला होता आणि आम्हीच त्याला ऐतखाऊ म्हणत होतो.

संध्याकाळी सगळ्यांसमोर मी यादी फाडली आणि मामूंचं नाव न घालता नवी चिकटवली.

"आणि आमचे डबे?" टायपिस्ट ओरडला.

"भरा."

"अहो, मामूंनाच ते काम आवडतं!"

"तुम्हाला जास्त आवडतं. खलास."

पण खरे दुखावले मामू. "म्हणजे मी फुकट खाऊ?"

"हो. फुकट खा, पोटभर खा आणि सातच्या आधी बाहेर पडा."

पुढचे दिवस आम्ही करपलेला भात खाल्ला. टायपिस्टने कालवणात दोनदा मीठ घातलं आणि दोन्ही वेळा दोष मला दिला. मामू रोज पहाटे बाहेर पडत. मध्ये एकदा त्यांना पुन्हा हमालीचं काम मिळत होतं, तेही त्यांनी नाकारलं. खोलीत कुरकुर झाली. मी म्हटलं, नाकारू देत. उपाशी माणूस मिळेल ते ओझं उचलतो आणि त्याची हत्यारं गंजतात. पोट भरलेल्यालाच आपल्या कामासाठी थांबता येतं. हे मी तेव्हा रागाने बोललो होतो. आज शांतपणे तेच लिहितो आहे.

मुदतीला बारा दिवस उरले असताना मामू संध्याकाळी आले ते अंगभर भुसा घेऊन. तिथल्याच हत्यारांनी हात दाखवून एका नव्या शाळेचे दरवाजे करण्याचं काम त्यांनी मिळवलं होतं, परवान्यासकट.

"यल्ला, चल मुनशी, लिही माझं नाव."

"कशाला लिहू? भाताला?"

"पाण्याला लिही. भात आता टायपिस्टला जमायला लागलाय."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पेटी उचलून ते कामावर गेले आणि मसाल्याचे डबे आम्हाला जमिनीवर ठेवावे लागले.