प्रगतिपत्रकावरचा उन्हाळा

कूलरच्या ओल्या गवताचा वास आला की मले सातवीचा निकाल आठवते. भूगोलात मी एका मार्कानं नापास झालतो, म्हणजे सुट्टीभर फेरपरीक्षेचा अभ्यास. 'उन्हाळा कधी संपतो?' याच्यापुढं मी 'जूनच्या शेवटी' लिहिलं होतं, अन् सरनं त्याच्यावर लाल फुली मारलती. सर कोकणातून नवीनच आलते. निकालाच्या दिवशी वर्गातला पंखा गरम हवा फेकून राह्यलता अन् सर डोक्याले ओला दुपट्टा बांधून बसलते. मी म्हटलं, "सर, मार्क घेतल्याशिवाय मी घरी जात नाही." सर म्हणाले, "अरे बाळा, पुस्तकात मे आहे. आमच्याकडे सात जूनला छत्री लागतेच." "आमच्याकडं तवा कूलरमधी पाणी टाकणं चालू असते, सर." सारे हासले, सर नाही. "बस खाली." मी बसलो नाही. प्रगतिपत्रक उघडलं अन् सरसारखाच चष्मा वर सारल्यासारखं करत, त्यायच्याच नाकातल्या आवाजात शेवटची ओळ वाचली, "उन्हाळ्याची सुट्टी पंचवीस जूनपर्यंत." मंग तिथंच बोट ठेवलं. "खाली सही कोणाची हाय, सर?" सरनं सही पाहिली, दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मी एवढा नाकात बोलत नाही रे," म्हणाले, अन् चौतीसचे पस्तीस केले. आता जूनमधी दोन थेंब पडले की आई कूलर पुसून ठेवाले निघते. मी तिले सांगतो, पंचवीस तारखेपर्यंत हात लावू नको, आपल्याजवळ सरची सही हाय.