कोऱ्या पानांची यादी

खळ शिजू लागली की ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मैद्याचा आणि मोरचुदाचा मिसळलेला, किंचित आंबूस वास पसरतो, आणि सांगलीच्या विश्रामबागेतली ती सुस्त दुपार एकाएकी माझ्या आईच्या चुलीजवळ जाऊन बसते. बाहेर करंजाची पानगळ चालू असते, पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर उतरतं, आणि त्या उन्हात जुन्या कागदाची धूळ सोन्यासारखी तरंगते. हा वास मला फार प्रिय होता. आता तो आला की मान आपोआप खाली जाते.

मी उंब्रजची. नकाशावर सांगली तिथून काही परदेश नाही, पण नववीत शाळा सुटलेल्या मुलीला प्रत्येक परकं शहर सारखंच दूर असतं. ग्रंथपालबाईंनी मला कामावर घेताना दाखला मागितला नाही, एक जीर्ण पुस्तक हातात दिलं आणि म्हणाल्या, "एक पान उलटून दाखव." मी श्वास रोखून पान उलटलं. ते फाटलं नाही, एवढ्यावर माझं आयुष्य मार्गी लागलं. पुढे स्कॅनिंग शिकले, मग मोबाइलवरचे धडे पाहत, वहीत उतरवून घेत, थोडं प्रोग्रामिंगही. बाईंच्या उपकाराची जाणीव इतकी खोल होती, की त्यांना एकदा तरी थक्क करावं ही इच्छा तिच्याच शेजारी केव्हा उगवली, मला समजलं नाही.

मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. स्कॅन केलेल्या पानावर काळेपणा किती आहे हे तो मोजायचा. ठरावीक प्रमाणाहून कमी असेल तर पान कोरं ठरवून चित्र पुसून टाकायचा आणि यादीत क्रमांक लिहायचा. सुरुवातीला बुरशीच्या ठिपक्यांना तो अक्षरं समजे. म्हणून मी ते प्रमाण वाढवलं. ठिपके हरले. यादी झरझर लांबत गेली, कॉम्प्युटरमधली जागा वाचली, आणि बाईंनी कॉलेजच्या प्राध्यापकांसमोर मला उभं करून म्हटलं, "हे हिनं केलंय." त्या दिवशी खोलीवर परतताना मी रस्त्यावर उगाच ताठ चालले होते.

ती यादी बाइंडर दत्तूकाकांकडे जाई. जुन्या पुस्तकाला ठिगळ लावायचं तर कागदही त्याच वयाचा हवा, नवा कागद जुन्याला ओढून फाडतो, ही त्यांची रीत. म्हणून मोडकळीस आलेल्या पुस्तकांतली कोरी पानं ते काढून घेत आणि त्यांच्या पट्ट्या कापून दुसऱ्या पुस्तकांच्या सांध्यांत चिकटवत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. पहिली यादी हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, "पोरी, तू बघितलीस न्हवं ही पानं?"

"मशीननं बघितलीत, काका."

"आन् तू?"

"मशीन माझ्यापेक्षा बारीक बघतं."

ते हसले. "मग माज्यापरास तर लयच बारीक बघत आसंल." आणि त्यांनी कात्री उचलली.

माघ संपता संपता साताऱ्याहून शेवंताआक्का आल्या. वडील सैन्यात, नवरा सैन्यात. हातात कापडी पिशवी, पायांत धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. श्रावणात घरात वाचली जाणारी जीर्ण पोथी त्यांनी वर्षभरापूर्वी आमच्याकडे दिली होती, कारण घरात आता ती वाचणारं कुणी उरलं नव्हतं. "शेवटचं पान तेवढं छापून द्या," त्या म्हणाल्या. "कोरं व्हतं ते. आबांनी, माज्या वडलांनी, रजेवर आल्यावर शिसपेन्सिलीनं लिवलंय त्यावर, आमा पोरींचा जन्म. परत गेलं ते आलंच न्हाईत. त्यांचं अक्षर म्हंजे तेवढंच."

मी फाइल उघडण्याआधीच मला कळलं होतं. वर्षानुवर्षं विरत गेलेली शिसपेन्सिल, तपकिरी पडलेला कागद. काळेपणा मी ठरवलेल्या प्रमाणाच्या खाली. चित्र पुसलेलं, पान कापलेलं. यादीत शेवटी त्याचा क्रमांक, टाइप केलेला, सुबक.

"कुनी कापलं?" कपाटातून काढलेल्या पोथीतली कापलेली कड पाहून आक्कांनी विचारलं.

बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतला तो अभिमान अजून विझला नव्हता, आणि मला तो वाचवायचा होता. तेवढ्यात दत्तूकाका पुढे झाले. "म्या कापलं, आक्का."

"डोळं फुटलं व्हतं का तुमचं?"

"व्हय," काका म्हणाले. "फुटल्यातच जमा हाईत."

आणि मी गप्प राहिले. फार तर एक श्वासभर, पण त्या श्वासात एक म्हातारा माणूस माझ्या वाटणीचे शब्द अंगावर घेऊन उभा होता.

काकांच्या हाताला मात्र सगळं आठवत होतं. चाचपडत त्यांनी कपाटातून तीन पुस्तकं काढली, पुठ्ठे उघडून सांध्यातल्या पट्ट्या दाखवल्या. सरळ उजेडात त्या कोऱ्याच होत्या. मी एक पुस्तक खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं, तेव्हा शिशाची एक बारीक चकाकी उठली, पावसानंतर गोगलगायीची वाट चमकावी तशी: "...वारी पहाटे कन्या". मागचं-पुढचं कात्रीत गेलं होतं. वार गेला होता, नावही.

आक्कांनी बोट न टेकवता त्यावरून फिरवलं. "ह्यो 'क' आबांचाच. शेपूट बगा कशी वढलीया." मग पट्टीवरून नजर न हलवता, "पर ही कन्या मी, का माजी थोरली भैन? ती तर पाळण्यातच गेली."

आक्का रिक्षात बसत होत्या तेव्हा मी धावत गेले. यादी माझी होती, पान मी पाहिलंच नव्हतं, सगळं एका दमात सांगितलं. रागावतील, निदान तोंड फिरवतील, म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी फक्त विचारलं,

"मंग त्या म्हाताऱ्याला कशापायी बोलू दिलंस मला?"

रिक्षा गेली.

बाईंना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. कामावर त्यांनी ठेवलं. त्यामुळे कृतज्ञता आणखी जड झाली. पुसण्याची आज्ञा मी प्रोग्राममधून काढून टाकली. काकांचं ऑपरेशन झालं. आता चारच्या सुमाराला ऊन तिरपं आलं की यादीतलं एकेक पान मी खिडकीशी धरते, इकडे कलवते, तिकडे कलवते. काका नव्या डोळ्यांनी डोकावतात, म्हणतात, "कोरं हाय गं. दे हिकडं."

मी देते. पण लगेच नाही.