खिडक्या लावायची रिंग

मी जगाच्या हवेतल्या गंधकावर काम करते. म्हणजे कॉम्प्युटरवर. चिमण्यांतून, जहाजांतून, ज्वालामुखींतून निघालेला गंधकाचा वायू वाऱ्याबरोबर कुठे जातो, त्याचे बारीक कण कसे होतात, ते कण ऊन किती अडवतात, हे आमचं मॉडेल सांगतं. त्यासाठी पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात आणि एका चौकोनातल्या हवेला एकच आकडा. आमचं घर येतं त्या चौकोनात ठाणं, वागळे इस्टेट, कल्याण, शीळफाटा, अख्खी डोंबिवली आणि वर थोडा समुद्रसुद्धा येतो. "सगळ्यांना एकाच दावणीला बांधलंत की गं," असं बाबा हे ऐकून म्हणाले होते.

बाबा डोंबिवलीतच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. तिथे गॅस पाण्याने धुवायचा एक टॉवर होता. तो मधूनच चोकअप व्हायचा, आणि साफ होईपर्यंत तासभर गॅस न धुताच चिमणीतून सोडा, असं वरून सांगणं यायचं. व्हॉल्व्ह बाबाच फिरवायचे. पण फिरवण्याआधी घरी फोन करायचे. एकच रिंग. उचलायचा नाही. आई हातातलं टाकून उठायची, वाळत घातलेले कपडे आत घ्यायची आणि खिडक्या लावायची. आमच्या खिडक्या लागलेल्या दिसल्या की अख्ख्या बिल्डिंगच्या लागायच्या. समोरच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या, "चला रे पोरांनो घरात, हिच्या नवऱ्याची रिंग आली!" मला तेव्हा त्याचा केवढा तोरा! दुपारी बाबा शिफ्ट संपवून घरी आले, "झालं गं" म्हणाले, की मगच आई खिडक्या उघडायची.

आईला दमा होता. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

गेल्या थंडीत एका रविवारी मी मटार सोलत बसले होते. बाबा समोर येऊन बसले आणि म्हणाले, "तुझ्या त्या कॉम्प्युटरला एक विचारशील? खिडक्या लावून तिला काही फायदा होत होता का?"

"अहो बाबा, आमच्या मॉडेलला धड डोंबिवली दिसत नाही, आपली खिडकी कुठून दिसणार?"

"जगाचं बघता आणि घरचं दिसत नाही. धन्य आहे!" म्हणाले आणि उठून गेले.

मला राग आला. मटाराच्या शेंगांवर काढला. बाबांचा राग नव्हता तो. इतकी वर्षं हा माणूस एवढ्या एका गोष्टीवर तगून होता, की मी गॅस सोडला खरा, पण तिला आधी सांगितलं. आता त्याचीही खात्री करून हवी होती त्यांना, आणि ती माझ्याकडूनच.

आठवडाभर टाळलं, मग बसले. गणित अगदी सोपं, पहिल्या वर्षाच्या मुलांना देतात तसलं. एक खोली, खिडक्यांच्या फटी, बाहेर तासभर गॅस, मग बाहेर स्वच्छ वारा. दोन रेघा आल्या. बाहेरची झपकन वर चढून तासाभराने धाडकन खाली. आतली तिच्या मानाने अगदी बुटकी. पण बाहेरची तळाला गेली तरी आतली खाली यायला तयार नाही. फटींतून हळूहळू शिरलेला गॅस तितक्याच हळूहळू बाहेर पडत होता. थोडा भिंतींनी शोषला, बाकीचा घरातच. बाहेरची हवा साफ झाल्याबरोबर खिडक्या सताड उघडल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. पण लावायची रिंग ठरलेली होती, उघडायची कुणी ठरवलीच नव्हती.

मग मी लबाडी केली. आलेख पहिल्या तासावरच कापला, प्रिंट काढला आणि बाबांपुढे ठेवला. "बघा, आत किती कमी! होत होता फायदा."

बाबांनी चष्मा लावला. रेघेवर बोट ठेवून कागदाच्या कडेपर्यंत नेलं. या माणसाने जन्मभर कंट्रोल रूममध्ये असल्याच रेघा वाचल्यात, हे मी साफ विसरले होते.

"समज, रिंग दहाला दिली. माझी शिफ्ट तीनला सुटायची. हा कागद अकरालाच कसा संपला?"

"पुढे तसं काही नाही त्यात."

"अगं, मला शिकवतेस? उरलेला आण."

आणला. त्यांचं बोट बाहेरची रेघ तळाला टेकते तिथे थांबलं. मग आतल्या रेघेवरून सावकाश पुढे निघालं, ते साडेतीनपर्यंत, म्हणजे ते घरी पोचायचे तिथपर्यंत. काही समजावून सांगावं लागलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाहेर तर केव्हाच सगळं साफ झालेलं," ते म्हणाले. "मग एवढा वेळ ही बंद घरात करत काय होती?"

एकदा खोटं बोलून झालं होतं. पुन्हा जमेना.

"तुमची वाट बघत होती, बाबा."