एक दिवस लोखंड, दोन दिवस खाट

काका दोन बोटं वर करायचे. हवेत नव्हे, समोरच्याच्या अगदी नाकाखाली, बोटांना लागलेला लोखंडाचा वास यावा इतक्या जवळ.

"हप्त्यातून दोन येळा. एक दिवस लोखंड, दोन दिवस खाट. तिसऱ्या येळी यावंसं वाटलं तर इथं येऊ नको, सरळ कबरस्तानात जा. तिथं रोज चालतं."

दुखण्यातून उठलेल्या नवशिक्याने व्यायामाला आठवड्यातून किती वेळा जावं, हे मी दोन डॉक्टरांना, एका नर्सला आणि माझ्या बायकोला विचारलेलं आहे. चौघांनीही भरपूर सांगितलं. लक्षात राहिली ती ही दोन बोटं.

गोष्ट इस्रायलमधल्या डिमोना गावातली. रशियाहून आलेल्या कुटुंबांनी आमच्या गल्लीतली रिकामी घरं भरून टाकली, त्या वर्षांतली. माझ्या छातीचं मोठं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी कापडाच्या कारखान्यात मी पंचवीस वर्षं स्टुलावर बसून ताग्यांवर शिक्के मारले, तेव्हा व्यायामाशी माझा संबंध शिक्का उचलण्यापुरता. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता हलकी वजनं उचलायला हरकत नाही, पण हळूहळू. बायकोने मला दुसऱ्याच दिवशी मिकलातमध्ये पाठवलं.

मिकलात म्हणजे बॉम्ब पडायला लागले की गल्लीने लपायचं तळघर. एरवी ते रिकामंच, म्हणून कोणीतरी तिथे वजनं आणून ठेवली होती. एक कप्पी, दोन बाकं, गंजक्या प्लेटा, आणि सिमेंट भरलेले लोणच्याचे डबे. दाराला मात्र तोड नाही. हातभर जाडीचं पोलाद आणि त्याला लांब दांड्याचं हँडल. या दाराची किल्ली काकांकडे असायची. नाव सांगत नाही. गल्लीत सगळे त्यांना काकाच म्हणायचे, रशियनसुद्धा.

काका सत्तरीला टेकलेले, सुक्या बोंबलासारखे काटक. पहिल्या दिवशी त्यांनी माझा शर्ट वर करायला लावला आणि छातीवरची शिवण बघितली.

"कोणी शिवलं रे? गोधडीवाल्यानं?"

"मोठा सर्जन होता, काका."

"असंल. आत काय भरायचं राहिलं काय, ते विचारून ये."

मग दोन बोटं. रविवार आणि बुधवार. मधले दिवस खाट, शनिवारी शब्बाथ, म्हणजे देवानेच दिलेली सुट्टी.

आता माझी अक्कल बघा. मी मनात हिशेब केला की देवाने स्वतः सहा दिवस काम केलं आणि एकच दिवस विश्रांती घेतली. हा म्हातारा देवापेक्षा शहाणा का? तेव्हा सोमवारी आणि मंगळवारी, बायको बाजारात गेली की, मी घरातले तांदळाचे डबे उचलायला लागलो. आरशासमोर. श्वास रोखून.

बुधवारी मिकलातमध्ये गेलो तेव्हा माझे हात खांद्यापासून वेगळे झाल्यासारखे लटकत होते. काकांनी एकदा पाहिलं. माझ्या डोक्यावरची टोपी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"घाल."

हात कानापर्यंत गेला आणि तिथून परत आला.

"घाल की रे मेल्या. देवासमोर बोडका उभा ऱ्हाशील?"

मी मान खाली घालून टोपीत डोकं घुसवायला बघितलं. टोपी पडली. पाच रशियन आणि एक मोरोक्कन बसड्रायव्हर पोट धरून हसत होते. काकांनी मला हे तीनदा करायला लावलं. तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा थांबले.

"आपले आजे-पणजे कोण रे?"

"शनवार तेली," मी म्हणालो. कोकणात आमचे ज्यू लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने दिलेलं हे नाव. काकांच्या घरी तर रेवदंड्याकडे त्यांच्या लहानपणापर्यंत घाणा होता.

"तेली. तर आमचा बैल शनवारी बसायचा. मुकं जनावर, पण त्याला कळायचं, सुट्टी म्हंजे सुट्टी. शनवारी लपून घाणा ओढताना मी त्याला कदी बघितला नाय. तुला बैल म्हटलं तर तो रागावंल." मग माझ्या छातीवर बोट टेकवून हळू म्हणाले, "अंग लोखंडानं भरत नाय रे. लोखंड नुस्तं इचारतं. जबाब खाट देते."

नंतर त्यांनीच माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि ती नीट बसवली, लहान पोराला बसवावी तशी. निघताना माझ्या शर्टाची बटणंही लावली. हे रशियनांनी बघू नये म्हणून त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले.

असे सहा महिने गेले. रविवार, बुधवार. माझ्या दंडात एक बेटकुळी आली. बायकोला ती दिसत नसे, पण मला जाणवायची.

काकांचं एक गूढ होतं. शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या आधी, ते एकटेच मिकलातमध्ये जायचे. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. अर्ध्या तासाने बाहेर, हात पुसत. मी गल्लीभर पसरवलं की काका खाली बसून ब्रँडी पितात. मला असल्या गोष्टी पसरवायला आवडतं. बसड्रायव्हरने त्यांना विचारलंही, "काका, एकटेच?" काका म्हणाले, "ज्याला तहान, त्याला पाजतो."

मग एका सकाळी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. पाय बराचसा वाचला, जीभ तर शंभर टक्के वाचली. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर डाव्या हाताने उशीखालून किल्ली काढून त्यांनी माझ्या अंगावर फेकली.

"तू ठेव. सगळ्यात निकामी तूच. दुसऱ्या कोणी घेतली तर परत नाय द्यायचा."

किल्ली खिशात आली आणि मी बदललो. तुम्हीही लोक बघितले असतील, गेटाची किल्ली मिळाली की चाल बदलते. मी छाती काढून दार उघडायचो. काकांची बाटली मला प्लेटांच्या मागे सापडली. बूच काढून वास घेतला तर तिळाचं तेल. अच्छा, म्हणजे म्हातारा शुक्रवारी अंगाला तेल चोळतो, हे त्याच्या ताकदीचं गुपित! मी बाटली घरी नेली आणि रोज खांद्यांना चोळून संपवली. दार हळूहळू जड लागायला लागलं, करकरायलाही लागलं. मी दोन्ही हातांनी, पाय रोवून, एक हिसका द्यायचो. मला वाटायचं, चांगला व्यायाम होतोय. करकर ऐकून रशियन घराबाहेर यायचे, म्हणजे माझ्या येण्याची तुतारीच वाजायची.

काका घरी आले. नगरपालिकेतून निरोप आला की किल्ली ज्याच्याकडे, त्याला मिकलातचं दार एकट्याने उघडता आलं पाहिजे; वेळ आली तर गल्ली बाहेर खोळंबायला नको. नियम बरोबरच होता. किल्ली परत घ्यायला काकांना पेसाहच्या सणापर्यंत मुदत मिळाली, सणानंतर नगरपालिकेची बाई येऊन बघणार होती. त्यांची बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगी दूर अश्दोदला. काकांना दुसरं काही नव्हतं. ती किल्ली होती, म्हणून गल्ली त्यांच्या दारावर थाप मारत होती.

"ह्यांडल धरून दार वढायला धा किलो लागतात," काका म्हणाले. "मी कप्पीवर मोजलेलं हाय. एका हातानं धा किलो आलं की झालं. मी रोज येतो."

मी काय केलं असेल? दोन बोटं वर केली. त्यांच्या नाकाखाली.

"माझं येगळं हाय रे. मुदत हाय मला."

"एक दिवस लोखंड, दोन दिवस खाट. तिसऱ्या वेळी कबरस्तान."

रशियन खदखदून हसले. टोपीचा बदला घेतला मी. पुढच्या मंगळवारी ते खरंच आले, पायरीवर उभे राहिले. मी आतून ओरडलो, "काका, बैल बसलाय का बघा घरी जाऊन!" ते वळून गेले. उजवा पाय किंचित ओढत. मी अजून हसत होतो.

पण त्यांचा नियम खरा होता. पहिल्या आठवड्यात बोटांना कप्पीची मूठही धरवत नव्हती. मी ती पट्टीने बांधून द्यायचो. मग एक किलो. मग तीन. रविवार, बुधवार, बस्स. ते यायच्या आधी मी दार उघडून ठेवलेलं असायचं आणि ते गेल्यावर बंद करायचो, त्यामुळे दाराला त्यांचा हात लागला नाही. "त्याला हात, बाई येईल त्याच दिवशी," असं त्यांचंच म्हणणं.

एकदा जवळ येऊन त्यांनी नाक फेंदारलं. "तुज्या अंगाला कसला वास येतो रे? वडे तळून आलास काय?"

"तब्येतीचा वास आहे, काका."

पेसाहनंतरच्या रविवारी काकांनी उजव्या हाताने कप्पीवर दहा किलोची प्लेट खेचली. हनुवटीपर्यंत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका घामेजलेल्या तोंडाने म्हणाले, "टाळ्या कसल्या पिटता, हिजड्यांनो, कामं करा." आणि कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडे तोंड करून, बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

बाई आली बुधवारी. काकांनी सोमवारी आणि मंगळवारी खाट सोडली नव्हती. नियम म्हणजे नियम. बाई तरुण होती, आईबाप आमच्यातलेच असावेत, कारण मराठी तिला समजत होती, पण उत्तर ती हिब्रूतच द्यायची. "साबा, सावकाश," ती म्हणाली. साबा म्हणजे आजोबा. काकांना ते आवडलं नाही.

काकांनी पांढरा शर्ट घातला होता. उजवा हात हँडलवर ठेवला. दांडा फिरला. मग त्यांनी दार ओढलं. ते करकरलं, चार बोटं सरकलं आणि थांबलं.

काकांनी पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या. पायाखालची वाळू घसरली. बसड्रायव्हर मदतीला पुढे झाला, तर काकांनी डाव्या कोपराने त्याला मागे ढकललं. तिसऱ्यांदा. दार हललं नाही.

मग ते थांबले. बिजागरीवर बोट फिरवलं. बोटाला काळा, डिंकासारखा चिकट थर आला. त्यांनी तो हुंगला. आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मलाही कळलं. तिळाचं तेल शिळं झालं की चिकटून बसतं. दर शुक्रवारी ताजं घातलं तरच ते चालतं. तहान दाराला होती. दहा किलो हे तेल पाजलेल्या दाराचे होते. मी पाच महिन्यांत त्याचे किती केले होते, देव जाणे.

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"खांदे बरे हायत काय रे तुझे?"

एवढंच.

बाईने मला विचारलं, "दारात काही दोष आहे का?"

एक वाक्य पुरलं असतं. दार कोरडं आहे, दोष माझा आहे, तासाभराने या. पण रशियन बघत होते. किल्ली माझ्या खिशात होती आणि मांडीला गरम लागत होती.

"नाही," मी म्हणालो. "मी रोज उघडतो." आणि पुढे होऊन, दोन्ही हातांनी, पाय रोवून, हिसका देऊन उघडूनही दाखवलं. आयुष्यात मी ताकदीचं एवढंच काम केलं.

बाईने कागदावर माझं नाव लिहिलं.

काका बोलले असते तर मी तिथेच उघडा पडलो असतो. काळं बोट त्यांनी पांढऱ्या शर्टाला पुसलं, जे ते कधी करत नसत, आणि गल्लीने चालू लागले. मी मागे गेलो. म्हटलं, "काका, रविवारी या. आपण पुन्हा बोलावू तिला."

"नको रे," ते न थांबता म्हणाले. "आता खाटच."

महिन्याभरात मुलीने त्यांना अश्दोदला नेलं. हिवाळ्यात, हनुकाच्या सणापर्यंत ते गेले. शोकाच्या सात दिवसांत मी बसने जाऊन आलो. जमिनीवर बसलेल्या त्यांच्या मुलीला सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. तिने विचारलं, "बाबा तुमची आठवण काढायचे. म्हणायचे, तिथं एक सोडून आलोय, रोज रोज लोखंड करून मरेल. तुम्ही रोज करता का?" मी म्हणालो, नाही, दोनदाच. मग तिने चहा दिला आणि तो मी प्यायलो.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ऑपरेशनवाले, गुडघेवाले, पाठवाले नवे लोक मिकलातमध्ये येतात आणि विचारतात, किती वेळा येऊ? मी दोनदा म्हणतो. तोंडाने, बोटं वर न करता.

शुक्रवारी दुपारी मी वर्तमानपत्रात बाटली गुंडाळून एकटाच खाली जातो. गल्लीत बोलतात की म्हातारा पितो. वरच्या बिजागरीत घालतो, खालच्या बिजागरीत घालतो, हँडलच्या खाचेत घालतो, चिंधीने पुसतो. मग बाहेर येऊन दार ओढून बघतो.

दोन बोटांनी उघडतं.