नात्याचा रकाना

आमच्या बचत गटाने सरकारी मुलींच्या वसतिगृहाला भाजी पुरवायचं टेंडर भरायचं ठरवलं, तेव्हा सगळ्या बायका नुसत्या हरखल्या होत्या. आमचे मळे नाशिकला लागूनच. अंधारात उठून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, मार्केटला न्यायच्या आणि व्यापारी नाक मुरडत देईल त्या भावात सोडून यायच्या, याला आम्ही पार वैतागलो होतो. टेंडर मिळालं तर वर्षभराचं ठरलेलं गिऱ्हाईक.

गटात बारावीपर्यंत शिकलेली मी एकटीच, म्हणून कागद माझ्याकडे. सगळं भराभर भरलं आणि एका रकान्यापाशी अडले. या कार्यालयात तुमचे कोणी नातेवाईक नोकरीला आहेत का? असल्यास नातं लिहा. माहिती लपवल्यास टेंडर बाद.

आता आली का पंचाईत. खरेदीच्या टेबलावर माझा भाऊच बसतो.

रक्ताचा नाही. माहेरी मी एकुलती एक. हा पेठ तालुक्याकडचा, कॉलेजात असताना आमच्या मळ्यातल्या खोलीत भाड्याने राहायचा. राखी पौर्णिमेला त्याचा रिकामा हात मला बघवेना, म्हणून बांधली. तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. माझ्या लेकीच्या लग्नात भटजींनी मामाला हाक मारली, तेव्हा तिला हात धरून बोहल्यावर त्यानेच आणलं. त्या दिवशी मला भाऊ नाही असं कोणाच्या मनातही आलं नाही.

नवरा म्हणाला, "अगं, ते रक्ताचं नातं विचारतात. राखीचं कोण धरतं? उगाच लिहिशील आणि हातातलं घालवशील."

माझं डोकंच फिरलं. "लेकीच्या लग्नात मामा म्हणून चालला, आणि आता तो कोणी नाही होय?" नवऱ्याने चहाचा कप उचलला आणि बाहेर जाऊन बसला. भांडणात तो भारी शहाणा आहे.

पण गट काही माझ्या एकटीचा नव्हता. बायकांना बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, लिहिलं तर कदाचित टेंडर जाईल. मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "लग्नात समद्यांनी बघितलंय त्याला. आता नाय कसं म्हणायचं? लिही बाई. नाय मिळालं तर मार्केट हायेच."

मी लिहिलं, मानलेला भाऊ. त्याला मात्र फोन केला नाही, संगनमत केलं म्हणतील. त्याचाही फोन येईना.

टेंडरची पाकिटं उघडायच्या दिवशी तो खोलीत नव्हताच. कार्यालयाच्या मॅडमनी आमचा कागद वाचला आणि चष्मा वर केला. "मानलेला? याला पुरावा काय?"

"लग्नाचा अल्बम आणते," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. बाकीचे टेंडरवाले फिदीफिदी हसले.

मॅडमही हसल्या. "अल्बम राहू द्या. नातं सांगितलं म्हणून कोणी बाद होत नाही, लपवलं की होतं. त्यांनीही आधीच लिहून दिलंय आणि या कामातून बाजूला झालेत." मग फाइलमधला दुसरा कागद काढून म्हणाल्या, "पण तुमचं जुळत नाही. त्यांनी सख्खी बहीण लिहिलंय."

पुढे भाव वाचले गेले, आमचाच सगळ्यात कमी निघाला, बायकांनी मला मिठ्या मारल्या. मला त्यातलं धड काही कळलं नाही.

तो खाली चहाच्या टपरीवर उभा होता. माझे डोळे भरलेले, तरी मी त्याच्यावर खेकसलेच. "सरकारी कागदावर खोटं लिहितोस? लाज नाही वाटत?"

"मी कुठे?" तो म्हणाला. "खोटं तू लिहिलंस, ताई."