कौल मागायला कुणी धाडलं?

गावदेवीच्या देवळात मी फक्त पत्रकं वाटायला जायचो. ‘आम्हाला न विचारता आमच्या जमिनी घेणारे तुम्ही कोण?’ हे वाक्य माझंच, कोपरखैरण्याच्या भिंतींवर मीच रंगवलेलं. मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल मागणाऱ्यांची मी तोंडावर चेष्टा करायचो. त्याच देवळात एके दिवशी मी स्वतः पाकळ्या घेऊन उभा राहिलो.

आमचा आजा ऐंशी ओलांडलेला, तरी मिठागरात जाणारा. एकदा बांधावरच चक्कर येऊन पडला. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप चुन्यासारखी कडक झालीय; बदलली नाही तर फार दिवस नाहीत, आणि या वयात ऑपरेशनचाही भरवसा नाही. नव्या झडपा दोन तऱ्हेच्या. धातूची कायम टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. डुकराची दहाएक वर्षांत झिजते, पण ती गोळी थोड्या महिन्यांत सुटते. डॉक्टरांचा कल डुकराच्या झडपेकडे. मी भडकलो. म्हातारा म्हणून झिजणारा माल? तोही माळकऱ्याला? पण कुतूहलही गप्प बसेना: मेलेल्या जनावराचा तुकडा माणसात उघडझाप करतो कसा? डॉक्टरांना विचारून विचारून वही भरली. कोणती झडप, ते काही ठरेना.

म्हणून कौल. उजवी पाकळी पडली तर धातूची, डावी पडली तर दुसरी. किती वेळ गेला, एकही हलेना. मागे टोपली घेऊन एक अनोळखी म्हातारी टेकली होती.

“काम कोनाचं हाय?”

“आज्याचं.”

“त्यानं धाडलंय तुला?”

“नाही.”

“मंग देवी कोनाला सांगल? ज्याचं काम त्यानं मागावं, नायतर त्यानं धाडलेल्यानं. हाताला रंग हाय, भिंती रंगवतंस वाटतं. येवढं ठावं नाय?”

माझंच वाक्य माझ्या कानाखाली बसलं. आज्याला कुणी विचारलंच नव्हतं.

घरी जाऊन त्याच्यापुढे वही वाचली. तो पायाच्या भेगा चोळत ऐकत होता. “मीठ रोज पाय कापतंय. रगत थांबला नाय तर मी आगरात जावू कसा? दुसरी बसवा.”

“ती दहाच वर्षं टिकते, आजा.”

“मंग माज्यापेक्षा जास्तीच टिकल!”

“आणि माळ?”

“ज्या जीवानं आपली झडप दिली, त्याला मी नावं ठेवू? जा, देवीला सांग, आज्यानं धाडलंय.”

गेलो. आज्याचं नाव घेऊन पाकळ्या लावल्या, हात खाली येण्याआधी डावी पडली. म्हातारी दिसली नाही. गावात कुणाला ती ठाऊकही नव्हती.

ऑपरेशन पार पडलं, आणि पुढच्या हंगामात आजा बांधावर बसून मी ओढलेल्या मिठाच्या वाकड्या राशीला हसत होता. ती बाई कोण, हे मी आता शोधत नाही. रोज मनातल्या मनात तिच्या पाया पडतो. भिंती अजून रंगवतो. फक्त ब्रश उचलण्याआधी स्वतःला विचारतो, मला धाडलंय कुणी? उत्तर आलं नाही, तर हात जोडून थांबतो.