बिनतेलाच्या करंज्या

सुहासिनीबाईंच्या हाताला तळणाचा गुण होता. अंबरनाथ पूर्वेला त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. करंजी तेलात सोडली की पोट फुगवून वर यायची, चकलीचा काटा न् काटा उभा राहायचा आणि झाऱ्यातून काढल्यावर कागदाला डाग म्हणून पडायचा नाही. तेल तापलंय का हे डोळ्यांनी बघायचं नसतं, कानांनी ऐकायचं असतं, असं बाई सांगायच्या. आता असं सांगितल्यावर कोण काय शिकणार? पण संजीवनी शिकली.

ही संजीवनी जवळच्याच मोरिवली गावातली. तिचा नवरा चंदू आणि बाईंचे श्रीपादराव आनंदनगरच्या एकाच कारखान्यात होते. श्रीपादराव ऑफिसर, चंदू मशीनवर. एरवी अशा दोन घरांतल्या बायका वर्षातून एकदा हळदीकुंकवाला भेटतात, साडीचं कौतुक करतात आणि आपापल्या घरी जातात. पण एका वर्षी कारखान्याच्या सत्यनारायणाला बायकांनी भजी करायला घेतली. धूर झाला तशी एकेक जण काहीतरी निमित्त काढून सटकली. शेवटी कढईपाशी या दोघीच उरल्या, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत. तिथून जे जमलं ते जमलं.

मग दरवर्षी दिवाळीच्या फराळाचं दोघींनी मिळून करायचं. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. संजीवनी लाटणार, सुहासिनीबाई तळणार. चंदू पहिली पाळी करून घरी आला की दारातूनच वास घ्यायचा. देवाचा घाणा काढून झाला का, एवढंच विचारायचा. झाला म्हटलं की दुसरा घाणा त्याचा. गरम करंजी या हातातून त्या हातात खेळवत उभ्या उभ्या खायचा आणि म्हणायचा की वहिनींच्या हातचं खाऊन मेलो तरी चालेल. तेव्हा सगळे हसायचे. हसण्यासारखंच होतं ते.

श्रीपादराव रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. स्टेंट बसवला. डॉक्टरांनी तेल, तूप, तळण सगळ्यावर काट मारली. सोहमनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, पुण्याहून एअर फ्रायर पाठवून दिला. बाईंनी तो खोक्यासकट कपाटावर चढवला. हेअर ड्रायरचा थोरला भाऊ, वाऱ्यावर कधी कुणी वडे तळले होते का, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. श्रीपादराव मात्र एका शब्दानं बोलायचे नाहीत. उकडलेलं खायचे, लाह्या चघळायचे. शेजारून भज्यांचा वास आला की पेपरात डोकं घालायचे. माणसानं कुरकुर केली असती तर बाईंनी उलट चार शब्द सुनावले असते. हा गप्प बसायचा, त्यानंच त्यांचं काळीज चरचरायचं.

एके दिवशी त्यांनी खोकं खाली काढलं. सून राजसी व्हिडिओ कॉलवरून बटणं सांगत होती. कोथिंबिरीच्या वड्या नेहमीसारख्या उकडून, कापून, वरून तेलाचा हात फिरवून आत ठेवल्या. बाहेर आल्या त्या खरपूस. श्रीपादरावांनी वडी तोंडात घातली आणि डोळेच मिटून घेतले. बाईंना पदर डोळ्याला लावावा लागला.

मग रीतसर परीक्षाच सुरू झाली. बटाट्याचे काप, फर्स्टक्लास. पापड भाजल्यासारखा, पण चालेल. साबुदाण्याचा वडा गरम असेतोवर वडा, नंतर दगड. कांदाभजीनं तर फजिती केली, पीठ जाळीतून खाली गळलं आणि तिथेच चिकटून बसलं. चकली दात शाबूत असतील त्यानं खावी. करंजी पांढुरकी राहायची आणि पारी बिस्किटासारखी तुटायची. शिवाय टोपली एवढीशी. पाव्हणे आले तर बाई घाणेच काढत बसणार. शेवटी बाईंनी निकाल दिला की दोघांच्या घरात, त्यातही एकाला हृदयाचं दुखणं असताना, हे यंत्र जरूर असावं. रोजच्याला उत्तम. सणासुदीचं काम त्याचं नव्हे.

निकाल चोख होता. त्यावर थांबल्या असत्या तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती. पण नवीन माळ घातलेल्याला जरा जास्तच जोर असतो. बिल्डिंगमध्ये ज्याच्या त्याच्या दारात बाई तेलाची निंदा करू लागल्या. पितळी कढई उल्हासनगरच्या भांडीवाल्याकडे मोडीत घालून आल्या. संजीवनीलाही दोनतीनदा ऐकवलं. ती आपली हो हो करायची.

आणि पोळ्यानंतर चंदू गेला. सकाळच्या पाळीला निघाला होता, बूट घालायला वाकला, तो उठलाच नाही. रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

सुहासिनीबाई तेरा दिवस मोरिवलीला जात येत होत्या. संजीवनीला जेवायला बसवायच्या, चंदूच्या आईचे, बकुळामावशींचे पाय दाबून द्यायच्या. पण घरी आल्या की झोप लागायची नाही. दुसरा घाणा त्याचा, हे डोक्यातून जाईना. इतकी वर्षं आपणच त्याला खाऊ घातलं. श्रीपादरावांच्या रक्तवाहिन्या तुंबल्या, याच्या तुंबल्या, आणि दोन्हीकडे झारा आपल्याच हातात. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर कुणीतरी वेळीच वेड्यात तरी काढलं असतं.

दिवाळी आली. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात त्या वर्षी कढई चढत नाही. फराळाचं करायचं नाही, पण खायचं असतं. ते जवळच्यांनी आणून द्यायचं, हातानं भरवायचं, म्हणजे त्या घराचा सण निदान उंबऱ्यापर्यंत तरी येतो. मोरिवलीच्या त्या घरात फराळाचं कुणी न्यायचं, हा प्रश्नच नव्हता. मावशींनी आल्यागेल्याला सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे अंबरनाथची वहिनी येणार.

वहिनींनी करंज्या, चकल्या, शंकरपाळे सगळं एअर फ्रायरमध्ये केलं. दोन दिवस त्या टोपलीशी झटल्या. म्हणजे आळस केला असं कुणी म्हणू नये. श्रीपादरावांनी एकदा सुचवून पाहिलं की आपल्या घरात हे ठीक आहे, पण तिकडे तळलेलंच न्यावं, नाहीतर बाहेरून विकत आणावं. बाई तडकल्या. हार्टनं गेलेल्या माणसाच्या घरी तेलानं निथळणारं न्यायचं, एवढी काही आपली अक्कल गहाण पडलेली नाही म्हणाल्या. श्रीपादराव पुन्हा पेपरात गेले.

मोरिवलीत संजीवनीनं डबा घेतला, देवापुढे ठेवला, दोघी जरा रडल्या. मग बाईंनी करंजी मोडून मावशींच्या तोंडाशी नेली. म्हातारीनं ती हातात घेतली, नाकाशी नेली, अंगठ्यानं पारी चोळून पाहिली आणि तळली का म्हणून विचारलं. इथे नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण बाईंना वाटलं, आता कौतुक होणार. त्यांनी यंत्र समजावून सांगितलं. तेलाचा थेंब नाही मावशी, नुसती गरम हवा.

मावशींनी करंजी ताटलीत परत ठेवली. आवाज चढवला नाही की काही नाही.

"आमचे घरान कढई चढत नाय, म्हणून तू यायचं. तू पण नाय चढवलीस. मग तुझे घरान पण दुखवटाच हाय की, बाय."

एवढंच म्हणाल्या. पण ज्या बाईनं वर्षभर नवऱ्याला तळहातावर जपलं, तिच्या कानाला हे कसं लागलं असेल! घरी जिवंत माणूस बसलाय आणि ही म्हातारी आपल्या दारात दुखवटा बसवते. सुहासिनीबाईंच्या कानशिलातून वाफ निघाली आणि इतके दिवस आत दाबून ठेवलेलं नको त्या वाटेनं बाहेर पडलं.

"मावशी, तेलानंच गेले ना चंदूभाऊ?"

शब्द तोंडातून सुटला तसा बाईंनी ओठ चावला. मावशींनी ताटली दूर सारली. संजीवनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रागावली नाही, रडली नाही, कप खाली ठेवले आणि हळूच म्हणाली, "वहिनी, तळत तर आपण दोघीच होतो."

बाई घरी कशा आल्या ते त्यांनाच माहीत. त्या आरोप करत होत्या तो स्वतःवर. पण ज्या हातांनी लाटलं ते हात त्याच घरात होते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हाच्या तेव्हा मागे फिरून संजीवनीला पोटाशी धरायला हवं होतं. नाही धरलं. उद्या जाऊ म्हणाल्या. उद्याचा परवा झाला. मग आता कुठल्या तोंडानं जायचं म्हणून राहिलं. अधूनमधून फोन व्हायचा. तब्येत कशी, पाणी येतं का, गॅसचा नंबर लावला का. असल्या गोष्टी बोलल्या जायच्या. ज्याचं बोलायला हवं होतं ते सोडून सगळं.

वर्षश्राद्ध झालं. दुखवटा फिटला. दिवाळीच्या आधी बाईंनी करंज्यांचं सारण केलं, डबा पिशवीत घातला आणि न कळवता मोरिवलीची रिक्षा धरली. वाटेत मनाशी घोकत होत्या. आधी माफी मागायची, मग दोघींनी मिळून कढई चढवायची, मावशींना पहिला घाणा आपल्या हातानं भरवायचा.

संजीवनीनं दार उघडलं. हसली. वाळली होती. पाट दिला, पाणी दिलं. मावशी दिसेनात म्हणून विचारलं, तर त्या लेकीकडे चामटोलीला जाऊन राहिल्या होत्या. इथलं जेवण त्यांच्या घशाखाली उतरेना, संजीवनी म्हणाली. घरात तेलाची बाटली आणणंच तिनं बंद केलं होतं. भाजीसुद्धा पाण्यावर. बाईंची नजर ओट्यावर गेली. तिथे नवाकोरा एअर फ्रायर होता, वर धुतलेला रुमाल घातलेला.

"घेतला मी पण," संजीवनी म्हणाली. तिनं पीठ आधीच मळून ठेवलं होतं. करंजी यात फुटते, तर तुम्ही तेव्हा कशी केली होतीत, जरा दाखवा, असं अगदी साधेपणानं म्हणाली. शिकायला आलेल्या पोरीसारखी शेजारी उभी राहिली.

बाईंचं घोकलेलं सगळं तसंच राहिलं. त्यांनी हात धुतले, सारण काढलं. संजीवनीनं पुरी लाटली, त्यांनी भरली, दुमडली, कड दाबली. पहिल्यासारखंच काम, पहिल्यासारखेच हात. फक्त घरात वास म्हणून कशाचाच नव्हता. टोपली भरली. संजीवनी ती आत सरकवायला गेली आणि सरकवता सरकवता थांबली. मागे न बघता तिनं विचारलं,

"वहिनी, हे मी आधीच घेतलं असतं, तर वाचले असते का हो ते?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "तेलाबिलाचं काही नव्हतं. बाई गं, माझी जीभ जळाली होती त्या दिवशी. मी मूर्ख."

संजीवनीनं मान हलवली, पाव्हण्याचं मन राखायला हलवतात तशी. टोपली आत सरकवली, बटण दाबलं आणि पुढची पुरी लाटायला घेतली. गेल्या दिवाळीला याच घरात बाई याच्या उलट बोलल्या होत्या, आणि संजीवनीनं त्यावर विश्वास तेव्हाच ठेवून टाकला होता.